चिकपेटेत मागून हाक येत नाही

बंगळूर एका दिवसात बघून होतं का, असं रामनगरात मला हल्ली जो तो विचारतो. होतं की. सकाळी उतरायचं, संध्याकाळच्या गाडीला बसायचं; मधल्या वेळात विधानसौध, लालबाग, मेट्रो आणि चिकपेटेतली खरेदी सगळं उरकतं. डोसा कुठला खावा, चादरी कुठे घ्याव्यात हेही मी विचारणाऱ्याला हौसेनं सांगतो. एक गोष्ट मात्र आजवर कुणाला सांगितली नाही. ती इथे लिहितो आहे, म्हणजे आमच्या भागातून पुढे जाणारा तरी शहाणा होईल.

बेळगाव–गोवा रस्त्यावर आमच्या या रामनगरात माझं ताडपत्री, दोर आणि बादल्यांचं दुकान आहे. मुलगी पल्लवी बंगळूरला नोकरीला लागली, तेव्हापासून "बाबा, एकदा येऊन जा" असं तिचं टुमणं चालू होतं. ती मुलींच्या वसतिगृहात राहते, तिथे बापालाही फाटकाच्या आत घेत नाहीत, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्नच नव्हता. बायको म्हणाली, माझे गुडघे त्या शहरात चालायचे नाहीत, तुम्ही जावा. आणि मी एकटाच निघणार एवढ्यात आत्तीचा निरोप आला, "मीबी येतो."

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमचं मूळ खानापूरकडचं. आत्तीला मात्र दिली ती थेट अणशीच्या रानात. सत्तरी उलटली तरी ताठ आहे. तिकडच्या इतर बायकांसारखीच "मी आलो, मी गेलो" असं बोलते, आणि एकदा ठरवलं की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तिला राजधानी बघायची हौस वगैरे काही नव्हती. तिला घंटा पाहिजे होती.

ही घंटा कशाला, ते आधी सांगायला हवं. अणशीकडे गुरं दिवसभर रानात चरतात. त्यांच्या मागे दिवसभर कुणी फिरत नाही. कळपातल्या म्होरक्या गाईच्या गळ्यात घंटा असते. ती गाय घराकडे वळली की घंटेच्या आवाजामागं बाकीची गुरं वळतात. इकडे दारात उभ्या माणसालाही त्या आवाजावरून कळतं, गुरं ओढ्यापलीकडे आहेत की बांबूत शिरलीत. आत्तीच्या लग्नात आमच्या आजोबांनी तिला गाय दिली होती, त्या गाईच्या गळ्यात एक जाड पितळी घंटा होती. ती गाय गेली, तिची वासरं गेली, घंटा मात्र एका म्होरकीकडून दुसरीकडे जात शेवटी गवरीच्या गळ्यात आली. गेल्या पावसाळ्यात तिचा पट्टा कुजून तुटला आणि घंटा रानात कुठेतरी पडली. आत्तीनं पाचोळा उपसून काढला, पण सापडली नाही.

तेव्हापासून कळप फुटला. एक गाय येते, दुसरी येत नाही. एक वासरू रात्री रानात राहिलं, ते बिबट्यानं नेलं. आत्तीचा मुलगा प्रकाश फॉरेस्टच्या कामाला जातो, रोज संध्याकाळी दमून आल्यावर गुरं हुडकत फिरायचं त्याच्या जिवावर यायला लागलं. तो चिडून बोलला नाही, पण बोलला ते खरंच बोलला. शिमग्यापर्यंत बघू आणि नाही जमलं तर गुरं विकू, असं त्यानं आईला सांगितलं.

आत्तीनं रामनगरच्या बाजारातून घंटा आणली, हळ्याळहून आणली. हल्लीच्या घंटा पातळ. "ही पूजेची वाजतीया," ती म्हणाली. "गुरं काय आरतीला येनार हायत?" पल्लवीनं फोनवर सांगितलं की चिकपेटेच्या मागे जुन्या पितळेची दुकानं आहेत. तेवढं ऐकून आत्तीनं पिशवी भरली.

मॅजेस्टिक ते लालबाग

लोंढ्याहून गाडीत बसलो आणि सकाळी बंगळूरला उतरलो. मॅजेस्टिक म्हणतात त्या मोठ्या स्टेशनवर पल्लवी आली होती. वर्षभरात वाळली होती, पण चालणं झपाझप झालं होतं. आत्तीनं तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि लगेच विचारलं, "दुकानं कवा उघडत्यात?"

"अकराला. तोवर शहर बघूया की, आज्जी."

मेट्रोच्या दारात तपासणी असते. आत्तीच्या कमरेच्या चंचीवरून यंत्र फिरलं आणि किंचाळलं. आत अडकित्ता. तपासणीच्या बाईनं तो उलटसुलट करून बघितला, तेव्हा आत्तीनं शुद्ध कानडीत तिला सुपारी कशी कातरायची ते समजावून सांगितलं. मागे रांग लागली. शेवटी ती बाई हसली आणि तिनं अडकित्ता परत दिला. डब्यात चढताना आत्तीनं उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. कानात बोंडं घातलेली एक पोरगी तिच्याकडे बघतच राहिली.

विधानसौध आम्ही बाहेरूनच बघितली. ऊन कोवळं होतं, सगळी इमारत धुतल्यासारखी दिसत होती, आणि मला उगाचच अभिमान वाटला. आत्ती मात्र पटांगणाकडे बघत होती. "एवढ्या आंगनाला श्याण कुटनं आनत्यात?" तिनं विचारलं. पल्लवी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

नाश्त्याला लोणी घातलेला डोसा खाल्ला. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, आणि चटणी अशी की मी दोनदा मागितली. नंतर पल्लवीनं "बाय टू कॉफी" सांगितली, तेव्हा एक कप दोघांत अर्धा अर्धा करून आला. तिथे तीच पद्धत आहे, मित्र मित्र अशीच पितात आणि कुणाला कमीपणा वाटत नाही. आत्तीनं त्या अर्ध्या पेल्यात डोकावून बघितलं. आमच्याकडे दारात आलेल्या अनोळखी माणसालाही आधी तांब्याभर पाणी, गुळाचा खडा आणि मग काठोकाठ चहा मिळतो. "पोरीचा पगार कमी हाय काय रे?" तिनं माझ्या कानात विचारलं. आणि बाहेर आल्यावर स्वतःच्या पिशवीतला गुळाचा खडा पल्लवीच्या हातावर ठेवला.

लालबाग खरोखर सुंदर आहे. काचेचं घर आहे, तळं आहे, आणि झाडं अशी की दोन माणसांच्या कवेत येणार नाहीत. प्रत्येक झाडाला नावाची पाटी. चालून पाय दुखले म्हणून आत्ती हिरवळीवर टेकली, तोच रखवालदारानं शिट्टी फुंकली. हिरवळीवर बसायला मनाई होती. आत्ती उठली, पदर झटकला आणि सगळ्या बागेवर नजर फिरवून म्हणाली, "गवात हाय, गुरं न्हाईत. मानसांनी बसायचं न्हाई. मग वाढिवलंय कशाला?" मी हसलो. ती हसत नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे त्या वेळी कुठली गुरं होती ते मला कळायला हवं होतं, पण मी फोनवर काचघराचा फोटो काढत होतो.

चिकपेट

आता मी माझ्या इलाख्यात आलो होतो. अरुंद गल्ल्या, डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल, हॉर्न, आणि दुकानांच्या पायऱ्यांवरून ओरडणारी माणसं. बाजार म्हटला की माझ्या अंगात वारं शिरतं.

आमच्याकडे सौदा कसा होतो, ते परक्याला माहीत नसतं. गिऱ्हाईक वस्तू हातात घेतं, नाक मुरडतं, दुकानदारानं सांगितलेल्या भावाच्या निम्म्यानं मागतं. दुकानदार कपाळाला हात लावतो. मग गिऱ्हाईक "ऱ्हाऊ द्या" म्हणून उठतं. हे उठणं म्हणजे नको म्हणणं नव्हे, सौद्याचा अर्धा भाग अजून बाकी असतो. गिऱ्हाईक शेजारच्या पायरीपर्यंत रेंगाळत जातं, आणि दुकानदार त्याला मागून हाक मारतो, "या वो आक्का, न्ह्या!" मी स्वतः दुकानदार आहे. माझं गिऱ्हाईक समोरच्या सायकल दुकानापर्यंत पोचलं की मी हाक मारतो. त्याच्या आधी मारली तर भाव पडतो, आणि उशीर केला तर ते पलीकडच्या दुकानात शिरतं. दोन्हीकडच्यांना हे ठाऊक असतं. कुणी कुणावर रागावत नाही.

चिकपेटेत पदपथावर चादरी घेताना मी हेच केलं. भाव पाडून मागितला, उठलो, चार पावलं गेलो. "बन्नी सार, बन्नी!" चादरवाल्याची हाक आली. या साहेब, या. मी पल्लवीकडे असं बघितलं, जणू बंगळूर जिंकलं. चादरी झाल्या, बायकोसाठी छत्री झाली, पल्लवीला चपला झाल्या. प्रत्येक वेळी मी उठलो आणि प्रत्येक वेळी हाक आली. आत्तीही खूश होती. "दत्तू, तुझ्या बापाचा हात हाय तुला," ती म्हणाली. माझी छाती फुगली.

मग त्या पितळेच्या गल्लीत गेलो. दुकान लांबट, अंधारं, जुन्या समया, हंडे आणि घंगाळांनी भरलेलं. मालक म्हातारा, कपाळाला विभूती, पेपर वाचत बसलेला. त्यानं "या" म्हटलं नाही की काय पाहिजे म्हणून विचारलंही नाही. आत्तीनं कोपऱ्यात दोरीला ओवलेल्या गुरांच्या घंटा बघितल्या आणि सरळ तिकडे गेली.

ती एकेक वाजवून बघायला लागली. बाहेर टेंपो, गाडीवान, हॉर्न. वाजवायची, कान लावायची, मान हलवायची. मग मालकाकडे वळून कानडीत म्हणाली, "स्वामी, इथं ऐकू येत न्हाई. गप जागा हाय काय कुटं?"

घंटा ऐकायला शांत जागा मागणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असावं. तरी त्यानं पेपर ठेवला, मागचं दार उघडलं आणि आतल्या गोदामाकडे बोट दाखवलं. तिथे गोणपाटाचे ढीग होते, त्यामुळे बाहेरचा गलका बराच दबला होता. "या, अज्जी."

आत्ती चार घंटा घेऊन आत गेली. एक वाजली. दुसरी वाजली. तिसरी वाजली, आणि मी दारात उभा होतो तिथे मला माझं लहानपण ऐकू आलं. सुट्टीत आत्तीकडे गेलो की संध्याकाळी ओढ्याच्या अंगानं येणारा तो खालचा, भरलेला, सावकाश आवाज. आत्तीनं पुन्हा वाजवली नाही. तिनं घंटा दोन्ही हातांत धरली होती आणि तिच्या तोंडावर जे आलं ते मी तिच्या लग्न झालेल्या लेकीच्या बाळंतपणानंतर बघितलं नव्हतं.

"हीच," ती म्हणाली. "दत्तू, हीच."

मी घाबरलो, तो तिच्या त्या तोंडाला. मालकानं ते बघितलं तर भाव खाली येणार कसा? मी तिला डोळ्यानं खुणावलं. ती बाजारात वाढलेल्या घरातली लेक, तिला लगेच कळलं. बाहेर येईपर्यंत तिनं तोंड कोरडं केलं आणि घंटा फळीवर अशी ठेवली की फुकट दिली तरी नको.

मालकानं भाव सांगितला. तो वाजवी होता, हे मी आज कबूल करतो. मी निम्म्यानं मागितला. तो म्हणाला, "आगल्ला." जमणार नाही. मी थोडा चढलो, त्यानं मान हलवली. मी आत्तीकडे बघितलं आणि म्हणालो, "ऱ्हाऊ द्या तर."

माझ्या आधी आत्ती उठली. माझ्यापेक्षा दोन पावलं पुढेच होती.

शेजारच्या दुकानाशी आम्ही थांबलो. मी एक तांब्या उचलून बघायला लागलो, आत्ती कळशीच्या बुडावर बोट आपटायला लागली. दोघांचेही कान मागे. हाक आली नाही.

"येईल," मी म्हणालो.

"जरा जास्त ताणूलाय," आत्ती म्हणाली. "मुरलेला दिसतोय."

पल्लवी म्हणाली, "बाबा, असल्या दुकानांतनं परत बोलावत नाहीत. जाऊन घेऊन येऊया ना."

पण आपण होऊन परत जायचं म्हणजे भाव त्याच्या हातात गेला. "त्याला पिकू दे," मी म्हणालो. आम्ही कोपऱ्यावर जाऊन ताक प्यायलो. आत्तीनंही पूर्ण पेला संपवला, आणि मग सुपारी कातरून खाल्ली. पल्लवी अस्वस्थ होती, ती दोनदा उठली. तिचं ऐकायला पाहिजे होतं.

परत गेलो तेव्हा फळीवर घंटा नव्हती.

"गेली," मालक म्हणाला. "आत्ताच एक बाई घेऊन गेल्या. बाल्कनीत झाडांच्या मधे टांगायला."

आत्तीला कळेना. "पर आमी घेनार हुतो न्हवं!"

"तुम्ही नको म्हणून गेलात, अज्जी."

"मग हाक मारायची हुती की!"

म्हातारा गोंधळला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "उठून गेलेल्या गिऱ्हाइकाच्या मागे लागायचं नाही, असं माझ्या वडिलांनी शिकवलं. त्यांचा अपमान होतो," तो म्हणाला. "तुम्हाला आवडली होती हे मला दिसलं होतं. म्हणूनच वाटलं, नको म्हणताय तर काही कारण असेल."

पल्लवी धावत गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. तिथून चार रस्ते फुटतात आणि चारी माणसांनी भरलेले. ती परत आली तेव्हा धापा टाकत होती. मालकाला त्या बाईचं नावगाव माहीत नव्हतं. दुसऱ्या घंटांतली एखादी घ्या म्हणून तो स्वतःच भाव उतरवायला लागला. आत्तीनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग त्यानं गल्ल्याशेजारून काहीतरी उचललं. "बाई म्हणाल्या, वाऱ्यानं वाजली तर शेजारी तक्रार करतील. म्हणून हे काढून दिलं मी." घंटेच्या आत लोंबतो तो लोलक होता. लोखंडी, जाड, खालच्या टोकाला झिजून गुळगुळीत झालेला. आत्ती त्याला घंटेची जीभ म्हणते. "घेऊन जा, अज्जी. पैसे नकोत."

"वाजवायची न्हवती," आत्ती हळूच म्हणाली, "तर घंटा कशाला न्हेली?"

तिनं तो लोलक पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला.

स्टेशनवर पल्लवीच्या डोळ्यांत पाणी होतं. पहिल्यांदा बाप आला आणि असं झालं, हे तिला लागलं होतं. आत्तीनं तिला जवळ घेतलं, सावकाश जेवत जा म्हणाली. गाडीत मात्र ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी म्हणालो, "आत्ती, माझ्या हावरेपणानं घोटाळा झाला."

"तुज्या एकट्याच्या न्हवं," ती म्हणाली. "मी तुज्या आदी उटलो हुतो."

तिनं रागानं बोलावं असं मला वाटत होतं.

रामनगर, मग अणशी

चादरी चांगल्या निघाल्या. छत्री एका झडीत उलटी झाली. दुकानात माझा एक बदल झालाय, तो बायकोला पसंत नाही. गिऱ्हाईक "ऱ्हाऊ द्या" म्हणून उठलं की ते पायरी उतरायच्या आत मी हाक मारतो. काही जण दचकतात, आणि भाव तर पडतोच. अशानं दुकान विकायची पाळी येईल, असं बायको म्हणते. तिला मी काय सांगू?

प्रकाशनं तो लोलक हळ्याळच्या पातळ घंटेत बसवून बघितला. पातळ अंगाला जड जीभ. आवाज फुटका, घोगरा आला. गवरीनं तो गळ्यात मुकाट्यानं वागवला, पण बाकीच्या गुरांना त्याची ओळख पटली नाही. शिमगा झाला. हळ्याळचा एक जण टेंपो घेऊन आला आणि तांबू, हरणी, काळी, सगळी गुरं घेऊन गेला. प्रकाशला मी दोष देत नाही, त्यानं सांगितलं होतं तेवढं थांबून बघितलं. गवरी म्हातारी, तिला कुणी विचारलं नाही, म्हणून ती राहिली.

गेल्या आठवड्यात प्रकाशला ताडपत्री द्यायला म्हणून अणशीला गेलो. आत्तीनं तांब्याभर पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, काठोकाठ चहा दिला. पल्लवी नीट जेवते का, एवढं विचारलं. ऊन उतरलं तशी ती बोलता बोलता उठून अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली.

ओढ्याच्या बाजूनं तो घोगरा आवाज आला आणि पाठोपाठ गवरी एकटी झाडीतून बाहेर आली. आत्तीनं तिच्या पाठीवर थाप मारली. मग तिच्या मागच्या मोकळ्या वाटेकडे बघून तोंडाशी हात धरला.

"ये गं तांबूऽऽ, ये! हरणीऽऽ! काळेऽऽ, ये बाय!"

"आई, आसं काय करतीस?" प्रकाश पडवीतून म्हणाला.

"सवय हाय रे," ती म्हणाली.

मला वाटलं, आता ती घरात येईल. पण गवरीही तोंड वळवून रानाकडे बघत उभी राहिली होती, तेव्हा आत्तीनं आणखी एकदा हाक मारली.